हरलेल्या बाजूचे वकील

जबलपूर हे नाव उच्चारले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती नर्मदा. भेडाघाटचे शुभ्र संगमरवरी कडे आणि धुवांधारचा गर्जणारा प्रपात. इतिहासाची आवड असणाऱ्याला नागपूरकर भोसल्यांचा अंमल आठवतो. तो येथे १८१७ साली संपुष्टात आला. राजकारणाचे स्मरण ठेवणाऱ्याला शहराजवळच्या त्रिपुरीचे १९३९ चे काँग्रेस अधिवेशन आठवते. परंतु कायद्याच्या अभ्यासकाला विचारा. त्याच्या लेखी जबलपूर हे आता केवळ शहराचे नाव राहिलेले नाही. ते एका खटल्याचे नाव झाले आहे. भारतातल्या नागरिकाचे स्वातंत्र्य ज्या दिवशी न्यायालयात हरले, त्या दिवसाचे ते नाव आहे.

१९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरास आले. पुढे एकोणीस वर्षांनी याच न्यायालयातून एक प्रकरण दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेले. अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर, विरुद्ध शिवकांत शुक्ल असे त्याचे शीर्षक होते. एका जिल्ह्यातील एक दुय्यम अधिकारी आणि स्थानबद्ध केलेला एक नागरिक, एवढाच त्याचा दर्शनी आकार. परंतु त्यात गुंतलेला प्रश्न साऱ्या देशाचा होता. बंदीवानांची बाजू मांडण्यासाठी जे वकील त्या न्यायालयात उभे राहिले, त्यांत पुणे जिल्ह्यातल्या सासवडचे एक गृहस्थ होते. त्यांचे नाव विठ्ठल महादेव तारकुंडे. हा खटला ते आणि त्यांचे सहकारी हरले. तथापि काही पराभव असे असतात की, ते ज्याच्या वाट्याला येतात त्याच्या साऱ्या आयुष्याचा अर्थ त्यांतून उलगडतो.

तारकुंडे यांचा जन्म ३ जुलै १९०९ रोजी सासवडला झाला. वडील महादेवराव हे तेथील नामांकित वकील. अस्पृश्यतेविरुद्ध झगडणारे सुधारक म्हणूनही त्यांची ख्याती होती. कऱ्हेकाठच्या त्या जुन्या वळणाच्या गावात, ब्राह्मणाच्या घरी जन्मलेल्या एका वकिलाने अशी भूमिका घेणे ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. कायदा हा केवळ पोट भरण्याचा धंदा नसून दुबळ्याच्या हातातील काठी आहे, हा धडा विठ्ठलरावांना पुस्तकांतून शिकावा लागला नाही. तो त्यांना घरातच मिळाला.

बुद्धीचे वरदान त्यांना होतेच. १९२५ साली मुंबई इलाख्याच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. गुजरात, सिंध आणि कर्नाटकाचा काही भाग मिळून झालेल्या त्या विस्तीर्ण इलाख्यात पहिले येणे म्हणजे सरकारी नोकरीचे सर्व दरवाजे उघडणे होते. या मुलाने मात्र पुण्याच्या कृषी महाविद्यालयाची वाट धरली. शेतकऱ्यांच्या देशात शेतीचे शास्त्र शिकावे, हा विचार त्या वयाला आणि त्या काळाला शोभणारा होता. शेतीची पदवी घेऊन ते विलायतेला गेले, लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९३२ च्या अखेरीस मायदेशी परतले.

पुण्यात वकिलीला आरंभ झाला, परंतु मन राजकारणात होते. प्रथम ते काँग्रेस समाजवादी पक्षात गेले. पुढे मानवेंद्रनाथ रॉय तुरुंगातून सुटून आले आणि त्यांच्या विचारांची ओढ तारकुंड्यांना लागली. रॉय हे एक विलक्षण पुरुष होते. मेक्सिकोपासून मॉस्कोपर्यंत क्रांतीच्या वाटा तुडवून आलेला हा माणूस आता भारतात बुद्धिवादाची आणि लोकशाहीची नवी मांडणी करू पाहत होता. महाराष्ट्रात त्यांच्याभोवती जी मंडळी जमली त्यांत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते, तारकुंडेही होते.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर रॉय यांनी काँग्रेस सोडली आणि रॅडिकल डेमॉक्रॅटिक पक्ष स्थापन केला. फॅसिझमचा जय झाला तर भारताचेच नव्हे, जगाचे स्वातंत्र्य बुडेल. म्हणून या युद्धात दोस्त राष्ट्रांना साहाय्य केले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९४२ च्या वातावरणात, जेव्हा घराघरांतून ‘चले जाव’चा घोष चालला होता, तेव्हा हे बोलणे म्हणजे लोकरोष ओढवून घेणे होते. सरकारधार्जिणे ही शिवी या मंडळींना उठताबसता ऐकावी लागली. अशा वेळी तारकुंड्यांनी चालती वकिली सोडली आणि ते पक्षाचे पूर्ण वेळ कार्यकर्ते झाले. १९४४ साली त्यांच्याकडे पक्षाचे सरचिटणीसपद आले. ज्या पक्षात गेल्याने मंत्रिपद तर नाहीच, पण साधी लोकप्रियताही मिळायची नाही, त्या पक्षासाठी चांगला चाललेला व्यवसाय सोडणारे वकील आपल्याकडे फार थोडे झाले.

१९४६ च्या निवडणुकांत पक्षाचा धुव्वा उडाला. येथे एखादा सामान्य राजकारणी दुसरा पक्ष शोधता. रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळाच प्रश्न स्वतःला विचारला : सत्तेसाठी झगडणारे पक्ष हे लोकशाहीचे साधन आहेत की तिच्यावरचे ओझे? या विचारमंथनातून बावीस सूत्रे सिद्ध झाली. त्यांच्या घडणीत तारकुंड्यांचाही हात होता. माणूस हाच सर्व गोष्टींचे माप आहे. राष्ट्र, वर्ग किंवा पक्ष यांच्या नावाने त्याचे स्वातंत्र्य गहाण टाकता येणार नाही, असा त्या सूत्रांचा आशय होता. १९४८ च्या डिसेंबरात पक्षच विसर्जित करण्यात आला. सत्तेच्या राजकारणातून आपण होऊन बाहेर पडलेला असा पक्ष विरळाच.

तारकुंडे पुन्हा वकिलीकडे वळले. या वेळी मुंबई उच्च न्यायालयात. १९५७ साली त्याच न्यायालयाचे ते न्यायाधीश झाले. न्यायासनावरील त्यांच्या बारा वर्षांतील एक प्रसंग मात्र येथे सांगितलाच पाहिजे. कारण चरित्र म्हणजे केवळ आरती नव्हे.

१९६४ साली ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाविरुद्ध अब्रुनुकसानीचा एक गाजलेला दावा त्यांच्यापुढे चालू होता. एका साक्षीदाराने विनंती केली की, आपली साक्ष वर्तमानपत्रांत छापून आली तर आपल्या धंद्याचे नुकसान होईल. न्यायमूर्ती तारकुंड्यांनी ती विनंती मान्य करून साक्षीचा वृत्तांत प्रसिद्ध करण्यास तोंडी मनाई केली. पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे हा प्रश्न आला आणि १९६६ साली आठ न्यायमूर्तींनी तारकुंड्यांचा आदेश उचलून धरला. भिन्नमत नोंदवणारे एकटे होते न्यायमूर्ती हिदायतुल्ला. उच्च न्यायालय जबलपुरास आले तेव्हा त्याचे पहिले मुख्य न्यायाधीश तेच होते. न्यायालयाचे दार जनतेसाठी उघडे असले पाहिजे, या बाजूला त्या दिवशी हिदायतुल्ला होते. स्वातंत्र्याचे आजन्म उपासक तारकुंडे नव्हते. सद्‌हेतूने का होईना, परंतु अधिकाराच्या आसनावर बसलेल्या माणसाला दुसऱ्याचे तोंड बंद करणे किती सहज वाटू शकते, याचे हे उदाहरण. अधिकारावर अंकुश हवा, मग तो अधिकार कितीही सज्जन माणसाच्या हाती असो, हे जे तारकुंडे पुढे जन्मभर सांगत राहिले, त्याचा पुरावा त्यांच्या स्वतःच्या चरित्रातही सापडतो.

१९६९ साली, निवृत्तीचे वय होण्यापूर्वीच, त्यांनी न्यायाधीशपद सोडले आणि दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात वकिली आरंभली. ‘द रॅडिकल ह्यूमॅनिस्ट’ या नियतकालिकाचे संपादनही त्यांनी हाती घेतले. १९७४ साली जयप्रकाश नारायण यांच्या साहचर्याने ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’ ही संस्था उभी राहिली. निवडणूक सुधारणांचा विचार करण्यासाठी जयप्रकाशांनी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद तारकुंड्यांकडेच आले. मतदाराचे वय अठरा असावे आणि निवडणूक आयोग एकाच व्यक्तीचा नसावा, असे या समितीने १९७५ च्या आरंभी सुचवले. या दोन्ही गोष्टी पुढे प्रत्यक्षात आल्या. सूचना करणाऱ्यांचे नाव मात्र लोक विसरले.

तेवढ्यात २५ जून १९७५ ची रात्र उगवली. देशात अंतर्गत आणीबाणी पुकारण्यात आली. दोनच दिवसांनी राष्ट्रपतींच्या आदेशाने समता, जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांसंबंधीच्या मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार स्थगित झाला. ‘मिसा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली माणसे तुरुंगात जाऊ लागली. अटकेची कारणे सांगण्याचे बंधनही वटहुकमाने काढून टाकण्यात आले. पुढे नेमलेल्या शाह आयोगाच्या अहवालाप्रमाणे या एका कायद्याखाली स्थानबद्ध झालेल्यांची संख्या सुमारे ३५ हजार होती.

कायद्याच्या शास्त्रात एक जुना उपाय आहे. त्याला हेबियस कॉर्पस, मराठीत बंदी प्रत्यक्षीकरण, असे म्हणतात. त्याचा अर्थ अगदी साधा आहे. ‘ज्याला तू कोंडून ठेवले आहेस, त्याला माझ्यासमोर आण आणि कोणत्या कायद्याने कोंडलेस ते सांग,’ एवढेच न्यायालय बंदिपालाला विचारते. जबलपूरच्या उच्च न्यायालयात शासनाने असा पवित्रा घेतला की, हा प्रश्न विचारण्याचा अधिकारच आता न्यायालयाला उरलेला नाही. १ सप्टेंबर १९७५ रोजी त्या न्यायालयाने हा आक्षेप फेटाळला. स्थानबद्धतेचा हुकूम निदान त्या कायद्याला तरी धरून आहे की नाही, हे पाहण्याचा अधिकार आम्हाला आहे, असे त्याने सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह देशातील इतर अनेक उच्च न्यायालयांनीही हीच भूमिका घेतली. त्या दिवसांत ज्यांच्या बढत्या आणि बदल्या शासनाच्या हाती होत्या, अशा न्यायाधीशांनी हे धैर्य दाखवले, हे विसरता कामा नये.

या काळात तारकुंडे स्वस्थ बसले नव्हते. १२ ऑक्टोबर १९७५ रोजी अहमदाबादेस नागरी स्वातंत्र्यासाठी परिषद भरली. मुंबईचे माजी मुख्य न्यायाधीश छागला, भारताचे माजी सरन्यायाधीश जयंतीलाल शाह आणि तारकुंडे, असे तीन निवृत्त न्यायमूर्ती त्या व्यासपीठावर होते. या परिषदेचा वृत्तांत छापल्याबद्दल ‘भूमिपुत्र’ या गुजराती पत्रावर सेन्सॉरची कुऱ्हाड कोसळली. प्रकरण गुजरात उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने पत्राच्या बाजूने निर्णय दिला.

जबलपूर आणि इतर ठिकाणच्या निर्णयांविरुद्ध शासनाने केलेली अपिले सर्वोच्च न्यायालयात एकत्र आली. वर्षाच्या अखेरीस पाच न्यायमूर्तींपुढे सुनावणी सुरू झाली. शांतिभूषण, राम जेठमलानी, सोली सोराबजी यांच्यासारखे नाणावलेले वकील बंदीवानांच्या बाजूने उभे होते. त्यांच्या पंक्तीत तारकुंडे होते. त्या बाजूच्या युक्तिवादाचे सार असे : व्यक्तिस्वातंत्र्य हे घटनेच्या एका कलमाने जन्माला घातलेले नाही. ते कलम नव्हते तेव्हाही, अगदी परकीय अमलातही, विनाकायदा कोणाला कोंडून ठेवण्याचा अधिकार शासनाला नव्हता. मग कलमाचा आधार तात्पुरता दूर झाला, म्हणून शासन कायद्यापासून मोकळे कसे होईल?

सुनावणी चालू असता न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले की, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला, तर त्याच्या आप्तांना काही दाद आहे काय? आणीबाणी चालू असेपर्यंत न्यायालयात दाद नाही, असे उत्तर मिळाले. त्या उत्तराने शासनाची भूमिका अखेर कोठे जाऊन पोचते, ते साऱ्या न्यायालयापुढे उघडे झाले.

न्यायालयाला असा प्रश्न पडण्याचा हा जगातील पहिलाच प्रसंग नव्हता. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने नॉर्वे देश व्यापला, तेव्हा जर्मन अधिपतीने तेथील सर्वोच्च न्यायालयाला बजावले की, आमच्या फर्मानांची वैधता तपासण्याचा अधिकार तुम्हाला नाही. त्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते पाल बर्ग. कायदेपंडित, उदारमतवादी पक्षाचे राजकारणी आणि पूर्वीचे मंत्री. जी तपासणी करण्याची मुभा नाही तिचे सोंग करण्यापेक्षा आसन सोडलेले बरे, असे म्हणून १९४० च्या डिसेंबरात त्या न्यायालयाच्या न्यायाधीशांनी अधिकारपदे सोडली. पुढे बर्ग हे देशांतर्गत प्रतिकार चळवळीचे नेते झाले. तेथे सत्ता परकीयांची होती. येथे ती आपणच निवडून दिलेल्यांची होती, हा भेद मोठा आहे. परंतु हुकूम देणारा आपला की परका, यावर कोंडलेल्या माणसाच्या खोलीचे दार रुंद होत नाही.

२८ एप्रिल १९७६ रोजी निकाल लागला. सरन्यायाधीश अजितनाथ राय, न्यायमूर्ती बेग, न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड आणि न्यायमूर्ती भगवती या चौघांनी शासनाचा पक्ष मान्य केला. आणीबाणीत बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज चालणार नाही, असे ठरले. जबलपूरच्या न्यायालयाने उघडे ठेवलेले लहानसे दारही बंद झाले. न्यायमूर्ती खन्ना एकटे विरुद्ध गेले. त्याची किंमत त्यांना द्यावी लागली. १९७७ च्या आरंभी त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ असलेल्या बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले, आणि खन्नांनी राजीनामा दिला.

हरलेला वकील सामान्यतः कागद बांधून घरी जातो. तारकुंड्यांनी या पराभवातून वेगळा बोध घेतला. नागरिकाच्या हक्कांचे रक्षण केवळ न्यायालयाच्या भरवशावर सोडून चालत नाही. लोकांनी स्वतः जागे राहिले पाहिजे आणि त्यासाठी कायमची संघटना हवी, असा तो बोध होता. आणीबाणी चालूच असताना, १९७६ च्या ऑक्टोबरात, जयप्रकाशांच्या प्रेरणेने लोकांच्या नागरी स्वातंत्र्यासाठी आणि लोकशाही हक्कांसाठी झटणारी संघटना दिल्लीत स्थापन झाली. तीच पुढे पीयूसीएल या नावाने ओळखली जाऊ लागली. तारकुंडे तिच्या आधारस्तंभांपैकी एक होते. पुढे तिचे अध्यक्षही झाले.

१९७७ साली सत्तापालट झाला. आणीबाणीत ज्यांच्यासाठी तारकुंडे झगडले, त्यांतील कित्येक आता मंत्री झाले. स्वातंत्र्याचा लढा जिंकला, आता विश्रांती, असे अनेकांना वाटले. तारकुंडे मात्र त्याच वर्षी आंध्र प्रदेशात गेले. आणीबाणीत नक्षलवादी म्हणून ‘चकमकी’त मारले गेलेले तरुण खरोखर चकमकीत मेले काय, याची चौकशी करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. ज्यांच्या हिंसेचा मार्ग त्यांना मुळीच मान्य नव्हता, त्यांच्याही जीविताची चाड त्यांनी बाळगली. पुढे पंजाबात आणि काश्मिरातही ते याच प्रश्नामागे गेले आणि त्यापायी पुष्कळांचा रोष त्यांनी पत्करला. १९४२ साली लोकप्रवाहाविरुद्ध उभे राहण्याची जी सवय लागली होती, ती म्हातारपणीही सुटली नाही. आपल्याला आवडणाऱ्या माणसाच्या स्वातंत्र्यासाठी कोणीही लढतो. न आवडणाऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी जो लढतो, त्यालाच स्वातंत्र्य म्हणजे काय ते कळलेले असते.

१९७८ साली आंतरराष्ट्रीय मानवतावादी संघटनेचा सन्मान आणि १९९८ साली पद्मभूषण त्यांना मिळाले. २२ मार्च २००४ रोजी वयाच्या ९५ व्या वर्षी दिल्लीत त्यांचे निधन झाले. संसदेत ते कधी बसले नाहीत. कोणते मंत्रिपद त्यांनी भूषविले नाही. तरीही त्यांना राजकारणी म्हणावयाचे की नाही? राजकारण म्हणजे सत्ता मिळवणे एवढाच अर्थ असेल, तर ते राजकारणी नव्हते. परंतु सत्तेला मर्यादेत ठेवणे हेही राजकारणच असेल, तर त्यांनी आयुष्यभर दुसरे काही केले नाही.

आणि तो हरलेला खटला? १९७८ साली घटनेत चव्वेचाळिसावी दुरुस्ती झाली. आणीबाणीतही जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येणार नाही, असे तीत ठरले. पुढे न्यायमूर्ती भगवतींनी आपल्या त्या निकालाबद्दल खेद व्यक्त केला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूरचा तो निकाल चुकीचा होता, असे सांगून रद्द ठरवला. ते निकालपत्र लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. म्हणजे १९७६ च्या निकालातील न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांचे पुत्र. पित्याचा निकाल पुत्राने मोडला आणि खन्नांचे एकाकी मत देशाचा कायदा झाले. ते पाहायला तारकुंडेही उरले नव्हते, खन्नाही नव्हते.

एकेचाळीस वर्षे हा काळ इतिहासाला थोडा वाटतो. तुरुंगात बसलेल्या माणसाला एकेक रात्र मोजावी लागते. ज्यांना १९७६ साली दाद मिळाली नाही, त्यांना २०१७ च्या निकालाने काय दिले? त्यांना स्वतःला काहीच नाही. मात्र पुढच्या बंदीवानासाठी दार उघडे राहिले. जबलपूरच्या उच्च न्यायालयात आजही बंदी प्रत्यक्षीकरणाचे अर्ज येतात आणि न्यायाधीश तो साधा प्रश्न विचारतात : याला कोणत्या कायद्याने कोंडले आहे? तो प्रश्न विचारण्याचा अधिकार कायम राहावा म्हणून जे हरण्याची तयारी ठेवून उभे राहिले, त्यांत सासवडचे हे वकील होते.